कॅम्पर व्हॅनमधली वीज: आधी बॅटरी, मग सोलर, जनरेटर सगळ्यात शेवटी

दिवाळी आटोपली की नागपुरात गाड्या बाहेर निघायला लागतात. कोणी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग आणि ओटा बसवलेला असतो, कोणी बोलेरोच्या टपावर तंबू चढवलेला असतो. शनिवार-रविवारची धाव खिंडसी, उमरेड, नवेगाव बांध, फार तर चिखलदऱ्यापर्यंत. मुक्काम बहुधा ओळखीच्या शेतात, नाहीतर एखाद्या छोट्या रिसॉर्टच्या मोकळ्या आवारात. तिथे प्लग मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी शेतीच्या फीडरला दिवसाचे ठरावीक तासच लाइन असते. मग प्रश्न उरतो: टपावर सोलर लावायचे, मोठी बॅटरी घ्यायची, की जनरेटर सोबत न्यायचा?

हा प्रश्न घेऊन दुकानात गेलात तर ज्याचे जे दुकान, त्याचे ते उत्तर. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून ठरवावे असे मला मनापासून वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे हा निर्णय महिना बघून घ्यायचा असतो. डिसेंबरात निघणारी गाडी आणि मेअखेरच्या नवतप्यात निघणारी गाडी, विजेच्या हिशेबाने या दोन वेगळ्या गाड्या आहेत. वर्षात कधी निघणार हे ज्याला माहीत आहे, त्याचा अर्धा निर्णय झालेला असतो.

दुसरी गोष्ट, या तिन्ही वस्तू एकाच कामाच्या नाहीत. उन्हाळ्यात घरातल्या पाण्याची सोय आपण जशी लावतो, तसे हे आहे. बॅटरी म्हणजे टाकी, सोलर म्हणजे ठरावीक वेळ येणारा नळ, आणि जनरेटर म्हणजे टँकर. टाकीच नसेल तर नळ दिवसा येऊन रात्री उपयोग नाही, आणि टँकर बोलावला तरी पाणी ओतणार कशात? म्हणून क्रम टाकीपासून सुरू होतो, आणि टाकी किती मोठी हे खर्चावरून ठरते.

पहिली पायरी: कागदावर खर्च मांडा

उपकरणाचे वॉट गुणिले चालण्याचे तास म्हणजे वॉट-तास. हजार वॉट-तास झाले की वीजबिलावरचा एक युनिट. एवढेच गणित पुरते.

चार जणांचे कुटुंब, हिवाळा, एक दिवस आणि एक रात्र असे धरू:

एलईडी दिवे, ५ वॉटचे ४, पाच तास: १०० वॉट-तास
१२ व्होल्टचा पंखा, २० वॉट, सहा तास: १२०
चार मोबाइल: ६०
४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज: ४३०
पाण्याचा पंप: १५
मिक्सर, काही मिनिटे: ५०

बेरीज ७७५. वायर, इन्व्हर्टर आणि चार्जिंगमधली गळती म्हणून वर वीस टक्के धरले की ९३० वॉट-तास, म्हणजे एक युनिटच्या आत.

या यादीत फ्रिजकडे नीट बघा. त्याच्यावर ४५ वॉट लिहिलेले असते, पण तो सतत चालत नाही. आतले तापमान जमले की कॉम्प्रेसर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. हिवाळ्यात तो चोवीस तासांतला साधारण ४० टक्के वेळ चालतो. मेमध्ये गाडीच्या आत ४० अंश असताना तोच फ्रिज ७० टक्के वेळ चालतो आणि ४३० चे ७५० वॉट-तास होतात. फ्रिज तोच आणि त्यातले दहीही तेच, पण खर्च पावणेदोन पट. म्हणून फ्रिज उन्हाच्या बाजूला, इंजिनजवळ किंवा मागच्या काचेखाली बसवू नका, आणि त्याच्या जाळीमागे हवा खेळायला चार बोटे जागा सोडा. याला फुटकी कवडी लागत नाही.

बेरीज झाली की वजाबाकी करा. उष्णता निर्माण करणारी प्रत्येक वस्तू यादीतून काढायची: इंडक्शन, केटल, गिझर, हेअर ड्रायर. सावजी मटण दीड तास इंडक्शनवर रटरटत ठेवले तर एका भाजीला दीड-दोन युनिट सहज लागतील. वरच्या अख्ख्या कुटुंबाच्या दिवसाच्या खर्चाच्या हे जवळपास दुप्पट आहे. स्वयंपाक गॅसवर करा. त्यासाठी छोटा सिलिंडर, चांगला रेग्युलेटर आणि उघडी खिडकी पुरते.

जे १२ व्होल्टवर थेट चालते ते थेटच चालवा. फ्रिज, पंखे, दिवे, पंप आणि मोबाइल हे सगळे बॅटरीवरून सरळ चालते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतः वीज खातो, म्हणून मिक्सर किंवा लॅपटॉप लावायचा असेल तेव्हाच त्याचे बटण दाबा.

दुसरी पायरी: आपले तीन ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात सोपा काळ. आकाश निरभ्र आणि रात्री थंड, त्यामुळे पंखा फार लागत नाही. सूर्य मात्र दक्षिणेकडे कललेला असतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो. टपावर आडवे झोपवलेले पॅनल त्याला तिरके दिसते. या काळात आडव्या पॅनलच्या दर १०० वॉटमागे दिवसाला ३५० वॉट-तासांच्या आसपास धरावे. पॅनल दक्षिणेकडे ३५-४० अंश उचलता आले तर पाव हिस्सा वाढतो.

एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण पॅनलला उष्णता मानवत नाही. पॅनलवर छापलेले वॉट हे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. मेच्या दुपारी टपावरच्या पॅनलचे सेल ६५-७० अंशांपर्यंत तापतात, म्हणजे १४ ते १६ टक्के तिथेच गेले. तरीही दिवस मोठा आणि सूर्य डोक्यावर असल्याने दर १०० वॉटमागे ४५० वॉट-तास मिळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी २५० धरा, पण सरासरीवर विसंबू नका. झड लागली की त्याच पॅनलमधून दिवसाला ८०-१०० वॉट-तासही मुश्किलीने निघतात, आणि आपल्याकडची झड तीन-तीन दिवस हटत नाही.

आता खर्चाची यादी प्रत्येक ऋतूसाठी पुन्हा करा. मेमध्ये फ्रिजचे ७५०, दोन पंखे चौदा तास म्हणजे ५६०, छोटा कूलर ८० वॉटचा नऊ तास म्हणजे ७२०, दिवे, मोबाइल, पंप आणि मिक्सर मिळून २४०. गळती धरून २,७०० वॉट-तास. पावसाळ्यात कूलर नाही, पण दमट हवेत पंखे हवेतच, फ्रिजही मध्यम चालतो, त्यामुळे १,५०० च्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात एक, पावसाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात पावणेतीन युनिट. पुढचे सगळे याच तीन आकड्यांवर उभे आहे.

एसीचा प्रश्न इथेच निकालात काढू

जनरेटर घ्यायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात एसीमुळे येतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी पत्र्याच्या गाडीत रात्रभर सरासरी ७०० वॉट खातो असे धरले तरी नऊ तासांचे सहा युनिट होतात. बाकीच्या सगळ्या खर्चाच्या दुपटीहून जास्त, आणि तेही फक्त रात्रीचे. एवढी वीज साठवायला २०० अँपिअर-अवरच्या (अँपिअर-अवर गुणिले व्होल्ट म्हणजे वॉट-तास) तीन लिथियम बॅटऱ्या लागतील, आणि रोज भरायला टपावर मावणार नाही इतके सोलर.

नागपूरकराकडे याला उत्तर आहे आणि ते दर उन्हाळ्यात खिडकीत बसलेले असते. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनाने तापमान दहा अंशांनी सहज उतरते. मुंबईच्या गाडीला हे जमणार नाही, आपल्याला जमते. ६० ते ८० वॉटचा छोटा कूलर, शक्यतो १२ व्होल्टवर चालणारा, खिडकीशी असा बसवा की तो बाहेरची हवा ओढेल. समोरची खिडकी किंवा टपावरचा झरोका बोटभर नव्हे, चांगला वीतभर उघडा ठेवा. बंद गाडीत कूलर फिरवला तर तासाभरात चिकचिक होते आणि लोक कूलरला नावे ठेवतात. दोष वाट न मिळालेल्या दमट हवेचा असतो. वाळ्याची ताटी मिळाली तर घ्या, तिच्यातून हवा सुगंधी येते. रात्रीला १५ ते २० लिटर पाणी लागेल, ते पिण्याच्या पाण्यापासून वेगळे मोजून घ्या.

मृग लागला, हवेत ओल आली की कूलर उतरवून ठेवायचा. मग पंखा आणि चिखलदरा. तिथे समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंचीवर रात्री पंखाही बंद करावा लागतो.

कूलरच्या आधी गाडी कमी तापेल एवढे करा. टपाला पांढरा रंग, आतून इन्सुलेशन, काचांना बाहेरून हिरवी नेट. टपावरचे पॅनल पत्र्यापासून दोन-तीन इंच वर बसवले तर ते स्वतःच टपाला सावली धरते, आणि खालून हवा गेल्याने पॅनलही कमी तापते.

घरात तान्हे बाळ, वृद्ध आई-वडील किंवा उन्हाचा त्रास असलेले कोणी असेल तर मेमध्ये विजेशिवायच्या जागी जाऊच नका. प्लग असलेली जागा घ्या, तिथले अर्थिंग तपासा, १५ अँपिअरचा सॉकेट आहे का हे फोनवर आधीच विचारा. उष्माघाताशी बॅटरीच्या भरवशावर पंगा घेऊ नये.

तिसरी पायरी: बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायची कल्पना अनेकांना सुचते, कारण ती इतवारीत, बर्डीत, कुठेही मिळते आणि स्वस्त पडते. गाडीसाठी मी ती सुचवणार नाही. १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलरमध्ये कागदावर १,८०० वॉट-तास असतात, पण तिचे आयुष्य टिकवायचे तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. वजन पन्नास किलोच्या वर. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून झोपायच्या जागेत ठेवता येत नाही. शिवाय शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला ढोबळमानाने निम्म्यावर येते. नागपूरच्या उन्हात उभ्या पत्र्याच्या गाडीत तिचे काय होईल ते सांगायला नको. शेतावर कायम उभ्या असलेल्या ट्रेलरला, बाहेर सावलीच्या पेटीत ठेवून, ती चालेल.

गाडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. दुकानात एलएफपी किंवा लाइफपो-फोर म्हणतात. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर म्हणजे २,५६० वॉट-तास. त्यातले ८५ टक्के बिनधास्त वापरले तरी २,१०० हून जास्त हाती येतात. वजन पंचवीस किलोच्या आसपास, आणि हजारो वेळा भरून-रिकामी करता येते. मोबाइलच्या लिथियमपेक्षा हे रसायन उष्णतेत बरेच शांत असते. थंडीत शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये असा नियम आहे, पण विदर्भात त्याची चिंता नाही.

आपल्याला चिंता वरच्या टोकाची. मेमध्ये उन्हात बंद उभी गाडी आत साठीला टेकते, आणि तेवढ्या तापमानात बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारे सर्किट, चार्जिंग तोडतो. तो बिघडलेला नसतो, बॅटरीला वाचवत असतो. बॅटरी पलंगाखाली, जमिनीलगत, हवा येणाऱ्या खणात ठेवा. बॉनेटमध्ये किंवा मागच्या काचेजवळ कधीही नको. घेताना बीएमएस किती अँपिअरचा आहे आणि त्याला तापमानाचा कट-ऑफ आहे का, हे लेखी विचारा. आतले सेल कोणते, हमी किती वर्षांची आणि ती नागपुरातच मिळते का, हेही.

आकार रात्रीवरून ठरवा. हिवाळ्यात २०० अँपिअर-अवरची एक बॅटरी ढगाळ आकाश धरूनही दोन दिवस पुरते. मेच्या रात्रीला, संध्याकाळी सात ते सकाळी सात, साधारण १,७०० वॉट-तास लागतात, तेही तिच्यात बसतात. म्हणजे कुटुंबाच्या गाडीला २०० हा योग्य आकडा. दोघेच असाल आणि फक्त हिवाळ्यात निघत असाल तर १०० पुरे.

चौथी पायरी: सोलर किती आणि कुठे

हिवाळ्याचे ९३० भागिले ३.५ केले की २७० वॉटचे पॅनल, म्हणजे ३०० घ्या. मेचे २,७०० भागिले ४.५ म्हणजे ६०० वॉट. ट्रॅव्हलरच्या टपावर ६०० वॉट बसतात, बोलेरोवर कॅरिअर आणि तंबू काढल्याशिवाय नाही.

पण उन्हाळ्यात एक पेच आहे, आणि तो आकड्यांनी सुटत नाही. तुम्हाला गाडी मोहाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत लावायची असते, पॅनलला मात्र ऊन हवे असते. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी अख्ख्या पॅनलचे उत्पादन झपकन उतरते. म्हणून टपावर ३०० ते ४०० वॉट कायमचे, आणि २०० वॉटचे घडीचे पॅनल वेगळे, जमिनीवर उन्हात मांडायला, ही जोडी मला सर्वात व्यवहारी वाटते. गाडी सावलीत, पॅनल उन्हात. सकाळी पूर्वेकडे, दुपारी पश्चिमेकडे फिरवले की आडव्या पॅनलपेक्षा जास्तही मिळते.

या घडीच्या पॅनलची वायर नीट निवडा, कारण इथे बरीच वीज वाटेतच मुरते. २०० वॉटचे पॅनल १८ व्होल्टला ११ अँपिअर देते. त्याला दहा मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरची वायर जोडली तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे होते आणि दीड व्होल्ट वाटेतच जातो. शंभरातले आठ भाग झाले. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरने हा तोटा निम्म्याहून खाली येतो. शंभर-शंभर वॉटची दोन पॅनल सिरीजमध्ये जोडली तर व्होल्टेज दुप्पट, प्रवाह निम्मा, आणि तोटा आणखी कमी. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारी पेटी, मात्र बॅटरीजवळच बसवायचा, पॅनलजवळ नाही.

कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच घ्या, तो पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. पीडब्ल्यूएम हा दुसरा प्रकार स्वस्त असतो, पण पॅनलचे जास्तीचे व्होल्ट वाया घालवतो. ४०० वॉटला ३० ते ४० अँपिअरचा, ६०० वॉटला ५० अँपिअरचा पुरतो. त्यात एलएफपीची सेटिंग आहे ना, हे बघून घ्या.

टपावरच्या पॅनलची पकड पक्की हवी. समृद्धीवर गाडी शंभरच्या वेगाने जाते तेव्हा पॅनलखाली शिरलेली हवा त्याला उचलायला बघते. कडेला सगळीकडे अॅल्युमिनियमची पट्टी, नटला लॉक वॉशर, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर खाली उतरून पाना फिरवून बघा. मार्चनंतर रोज सकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसा. पेंच-चिखलदऱ्याकडे वानरे टपावर बसतात, वायरीशी खेळतात, म्हणून वायर कन्ड्युइटमधून घ्या आणि घडीचे पॅनल पहाऱ्याशिवाय सोडू नका.

पाचवी पायरी: चालत्या गाडीची वीज

ही सर्वात दुर्लक्षित सोय आहे. इंजिनला असलेला अल्टरनेटर गाडीची बॅटरी भरतो, तोच आतली बॅटरीही भरू शकतो, मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. थेट वायर जोडू नका. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, आणि लिथियम बॅटरी प्रवाह इतका ओढते की अल्टरनेटर तापून जातो. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला ४०० वॉट-तास देतो. नागपूरहून ताडोब्याच्या मोहर्लीला पोचेपर्यंत तीन तासांत १,२०० वॉट-तास भरले, म्हणजे हिवाळ्याचा दिवस निघाला. रोज जागा बदलणाऱ्या कुटुंबाला मी सोलरच्या आधी हेच बसवायला सांगेन.

उभ्या गाडीचे इंजिन मात्र केवळ चार्जिंगसाठी तासन्‌तास चालू ठेवू नका. डिझेल जळते ते जळतेच, आणि बीएस-६ डिझेलचा धुराचा फिल्टर आयडलिंगने चोंदतो. त्याची दुरुस्ती जनरेटरपेक्षा महाग पडू शकते.

सहावी पायरी: जनरेटर कधी, कसा

वरचे सगळे मांडल्यावर जनरेटरसाठी एकच खरी जागा उरते: पावसाळ्यात, एकाच जागी दोनपेक्षा जास्त दिवस मुक्काम. ६०० वॉटचे सोलर झडीत दिवसाला ५००-६०० वॉट-तास देते, खर्च दीड हजारांचा. तूट ९०० ते हजाराची. भरलेली बॅटरी ही तूट दोन दिवस झाकते. तिसऱ्या दिवशी एकतर गाडी तासाभराच्या फेरीला काढा, नाहीतर जनरेटर लावा. वर्षातून एवढ्याच वेळा लागत असेल तर विकत घेण्याऐवजी मित्राकडून किंवा भाड्याने आणा.

घ्यायचाच असेल तर दोन केव्हीएचा, पेट्रोलवरचा, इन्व्हर्टर प्रकारचा बंदिस्त जनरेटर घ्या. मांडवाला लावतात तो उघडा जनरेटर स्वस्त मिळतो, पण त्याचा आवाज आणि व्होल्टेजचे चढउतार गाडीत झोपणाऱ्यांच्या कामाचे नाहीत.

जनरेटरवाले एक गोष्ट सांगत नाहीत. बॅटरी किती वेगाने भरेल हे जनरेटर ठरवत नाही, तुमचा चार्जर ठरवतो. दोन केव्हीएचा जनरेटर आणि दहा अँपिअरचा चार्जर अशी जोडी असेल तर बॅटरीत तासाला १३५ वॉट-तास जातील, दोन हजार भरायला पंधरा तास. तेवढा वेळ जनरेटर कमी भारावर धडधडत पेट्रोल पीत राहणार. पन्नास अँपिअरचा चार्जर लावला तर तेच काम तीन तासांत. पूर्ण भाराच्या जवळ असा जनरेटर लिटरला साधारण दीड युनिट देतो, पाव भारावर जेमतेम एक. पेट्रोल शंभराच्या वर असताना चांगल्या भारावरही युनिट सत्तर रुपयांच्या आसपास पडतो.

उंचीवर इंजिनची ताकद घटते, दर ३०० मीटरला सुमारे तीन-साडेतीन टक्के. चिखलदऱ्याला दहा-बारा टक्के कमीच धरा.

आता सर्वात महत्त्वाचे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेत माणूस मारतो. जनरेटर गाडीपासून किमान वीस फूट दूर, वारा गाडीकडून जनरेटरकडे जात असेल अशा बाजूला, धुराड्याचे तोंड पलीकडे. पाऊस आला म्हणून छपरीखाली, ताडपत्रीत किंवा डिकीत ओढायचा नाही. झोपण्याआधी बंद म्हणजे बंद. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, गॅसवर स्वयंपाक करणाऱ्यांनाही तो हवाच. पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये, गाडीच्या राहत्या भागाबाहेर. मेमध्ये बंद गाडीत प्लास्टिकच्या बाटलीतले पेट्रोल हा जिवाशी खेळ आहे. इंजिन थंड झाल्यावरच भरा, आणि परतल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करा, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल पडून राहिले की ओल धरते.

आवाजाचाही कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागातली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. चांगला बंदिस्त जनरेटरही काही मीटरवरून त्याहून मोठा ऐकू येतो. जंगलालगत तर लावूच नये. वनक्षेत्रात परवानगीशिवाय रात्री गाडी लावून राहताच येत नाही, पण पेंचच्या सिल्लारी किंवा ताडोब्याच्या मोहर्लीच्या आसपास खासगी जागेत असलात तरी पलीकडे रान जागे असते. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली आहे. तिथे जाताना बाहेरचे दिवे पिवळे, मंद आणि जमिनीकडे तोंड केलेले ठेवा. त्याने वीजही वाचते.

कोणी काय घ्यावे

वर्षातून तीन-चार वेळा, तेही हिवाळ्यात, घरच्याच गाडीने जाणाऱ्यांनी काही बसवून घेऊ नये. एक युनिट क्षमतेचे पोर्टेबल पॉवर स्टेशन (बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत) आणि घडीचे एक पॅनल घ्या. उरलेल्या वेळी ते घरी लाइन गेल्यावर वाय-फाय चालवते.

दर महिन्याला निघणाऱ्या, रोज जागा बदलणाऱ्या कुटुंबाला २०० अँपिअर-अवरची एलएफपी, डीसी-डीसी चार्जर, आणि टपावर ३०० वॉट. उन्हाळ्यातही जायचे असेल तर वर २०० वॉटचे घडीचे पॅनल आणि छोटा कूलर.

एका जागी आठवडाभर राहून काम करणाऱ्यांना, पक्ष्यांचे फोटो काढणारे किंवा लॅपटॉपवर नोकरी करणारे, ४०० अँपिअर-अवर आणि ६०० वॉट. पावसाळ्यात राहणार असाल तरच जनरेटर, पन्नास अँपिअरच्या चार्जरसह.

जोडणी

घरचा वायरमन कितीही हुशार असला तरी १२ व्होल्टचे काम वेगळे आहे. व्होल्ट कमी म्हणजे प्रवाह जास्त. हजार वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९५ अँपिअर ओढतो. त्याला ३५ चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड वायर, दाबून बसवलेले लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या), आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज दूर बसवला तर मधली वायर उघडीच राहते. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. पहिल्या प्रवासानंतर प्रत्येक लगला हात लावून बघा. गरम लागला तर तो सैल आहे.

गाडीत कायमचे बदल करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवा, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी असलेले एआयएस-१२४ हे मानकही. काम सुरू होण्याआधी आरटीओत विचारणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे सोयीचे पडते.

निघण्याआधी घरासमोर दोन रात्री

सगळे बसवून झाले की गाडी घरासमोर लावा, घरचा प्लग न जोडता तिच्यात दोन रात्री राहा. बॅटरीला शंट (वायरीतून जाणारा प्रवाह मोजणारी पट्टी) असलेला मॉनिटर लावला असेल तर किती वॉट-तास आले आणि गेले ते थेट दिसते. नुसत्या व्होल्टेजवरून एलएफपी किती भरली आहे ते कळत नाही, कारण तिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखे राहतात. संध्याकाळी सातला, रात्री अकराला, सकाळी सहाला आकडे वहीत लिहा.

सकाळी बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली असेल तर लगेच आणखी पॅनल आणायला धावू नका. आधी फ्रिजची रबरी कड कागदाची चिठ्ठी अडकवून तपासा. चिठ्ठी ओढल्यावर सुळकन निघाली तर थंडावा तिथून गळतो आहे. मग इन्व्हर्टर रात्रभर चालू राहिला होता का ते बघा. हे दोन्ही ठीक असेल आणि तरी आकडा खालीच असेल, तर घडीचे पॅनल घ्या.